मेनच्या आधीचं दाखवणाऱ्या लॅबवाल्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

नांदेडच्या आपल्या कॉलेजात तुमचं काम मशीन चालू ठेवायचं आणि डेड स्टॉकचं रजिस्टर सांभाळायचं. शिकवणं त्यात कुठंच बसत नव्हतं. म्हणून तर हे पत्र चारचौघांत लिहायलेय.

प्लेसमेंटच्या दिवसांत आमच्यात एक झेरॉक्स फिरत होती. प्रश्न होता, सी भाषेतला प्रोग्राम मेन फंक्शनशिवाय, म्हणजे आपला कोड जिथून चालू होतो त्या भागाशिवाय, चालतो का? उत्तर तयार होतं: मॅक्रोनं, म्हणजे कोडमधल्या शब्दांची अदलाबदल करणाऱ्या नियमानं, अक्षरं अशी जोडायची की 'मेन' डोळ्याला दिसू नये. आम्ही पाठ करत बसलो होतो आणि तुम्ही रजिस्टर घेऊन मागून जात होता. "ह्याच्यात मेन गेलं कुठं गं? नुस्तं पांघरूण घातलंय," म्हणालात, आणि प्रीप्रोसेसरनं, म्हणजे कंपाइलच्या आधी मॅक्रो उलगडणाऱ्या प्रोग्रामनं, त्या कोडचं काय केलं ते स्क्रीनवर काढून दाखवलंत. मेन जागच्या जागी होतं.

दुसऱ्या कुणी एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. तुम्ही खुर्ची ओढलीत. रीडेल्फ हे तयार फाइलची माहिती दाखवणारं टूल लावून आमच्याच प्रोग्रामचं हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, उघडायला लावलंत. त्यातला 'एंट्री पॉइंट', म्हणजे प्रोग्राम चालायला लागतो तो पत्ता, मेनचा नव्हताच. तो होता अंडरस्कोर स्टार्टचा (_start), जो आमच्यापैकी कुणी लिहिलाच नव्हता. कोडचे तुकडे सांधणारा लिंकर तो गुपचूप जोडतो. हा स्टार्ट लिबसीला, म्हणजे सीच्या लायब्ररीला, हाक मारतो, लिबसी आपली मांडामांड करते, मेनच्या आधी चालवायचे कन्स्ट्रक्टर असतील तर ते चालवते, मग मेनला बोलावते आणि मेननं परत दिलेला आकडा एक्झिटच्या हातात ठेवते. "बुवा उभे राहायच्या आधी पेटी, मृदंग सुरात लावणारे असतात की," हे तुमचं वाक्य मी आता ज्युनियरांना ऐकवते. तुमचं नाव सांगूनच, बरं का.

पण खरी मजा पुढं. जीसीसी कंपायलरला 'नोस्टार्टफाइल्स', म्हणजे सुरुवातीचा तयार कोड जोडू नको, असं सांगून तुम्ही ती सगळी मंडळी उठवलीत आणि अंडरस्कोर स्टार्ट मला लिहायला लावलंत. स्क्रीनवर ओळ उमटली आणि लगेच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीत पाय टाकून प्रोग्राम कोसळला. तुम्ही कारण सांगितलं नाहीत. "जीडीबीत बघ, कुठं जाऊन पडलं." जीडीबी या डीबगरनं दाखवलेला पत्ता होता १. मग म्हणालात, "आता प्रोग्रामच्या नावामागं दोन फालतू शब्द देऊन चालव." या वेळी पत्ता ३. मी तुमच्या तोंडाकडं बघायले आणि तुम्ही स्टॅककडं, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायच्या मेमरीकडं, बोट दाखवायलात! स्टार्टला कुण्या फंक्शननं बोलावलेलं नसतं, त्यामुळं त्याच्यासाठी परतीचा पत्ता ठेवलेलाच नसतो. रिटर्ननं स्टॅकच्या टोकावर पडलेलं उचललं, आणि तिथं असते आर्गसी: प्रोग्रामचं नाव धरून शब्दांची संख्या. शेवटी परत न फिरता कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, थेट सांगायचं, आता संपलं. आपल्या ६४ बिटच्या लिनक्सवर त्या एक्झिट कॉलचा नंबर ६०. तो टाकला आणि प्रोग्राम मुकाट्यानं संपला.

इंटरव्ह्यूत तो प्रश्न कुणी विचारलाच नाही, ही गंमत वेगळी.

आता मी वाळूजला पंपाच्या कंट्रोलर बोर्डांवर काम करते. तिथं लिनक्स नाही, प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर नाही. कॉर्टेक्स-एम चिप चालू झाली की व्हेक्टर टेबल नावाच्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या पहिल्या ४ बाइटमधून स्टॅकचा पत्ता घेते, पुढच्या ४ मधून रीसेट हँडलरचा, म्हणजे सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडचा, आणि सुटते. मागं एका बोर्डावर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये दिलेल्या किमतीऐवजी कचरा यायला लागला. सगळे मेनमध्ये प्रिंट टाकत बसले. मी सरळ रीसेट हँडलर उघडला. वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅशमधल्या सुरुवातीच्या किमती रॅममध्ये उतरवणारं लूप जुन्या कुणीतरी जागा वाचवायला उडवलं होतं. ते परत घातलं, पंप वेळेवर बंद व्हायला लागला. साहेबांनी विचारलं, एवढ्या लवकर कसं सापडलं? मी नांदेडच्या लॅबचं नाव घेतलं. त्यांना वाटलं, असा एखादा विषय असेल सिलॅबसमध्ये.

दिवाळीला गावी येणार आहे. एक रिकामा बोर्ड आणि चिपमध्ये कोड भरायचं प्रोग्रामर यंत्र सोबत आणते. रीसेट हँडलर आधी असेंब्लीत लिहायचा की थेट सीमध्ये, यावर माझं आणि इथल्या सीनियरचं वाजलंय. चहा माझ्याकडून, निकाल तुम्ही द्यायचा.

आपली,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी