काजूच्या टरफलाची पूड

हामामात्सु, जपान, १८ जानेवारी

ती. बाबांस व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. बर्फ पडत नाही, पण डोंगरातून येणारा कोरडा वारा दिवसभर कानात घुमतो. बाबा, १९४८ साली होंडा कंपनी याच गावात उभी राहिली आणि सुझुकीचं मुख्य ऑफिस आजही इथेच आहे. रस्त्यात बाइक दिसली की गॅरेज आठवतं.

आई, हे पत्र खरं तर तुझ्यासाठी लिहितोय. या महिन्यापासून मला कारखान्यात ब्रेक पॅडच्या मिक्सिंगला टाकलंय. पहिल्याच दिवशी एका पोत्यावरची अक्षरं जुळवत वाचली: 'काश्यू दासुतो'. काजूची पूड! आत कॉफीसारखी भरड, तपकिरी भुकटी. आमच्या शिफ्टच्या मुख्यांनी समजावलं, की ही काजूगराची नव्हे, टरफलातल्या तेलाची. ते तेल रसायन घालून तापवतात, ते आळून कडक झालं की दळतात. म्हणजे वेंगुर्ल्याच्या कारखान्यात तू राख नि खोबरेल चोळून बसायचीस तरी बोटं उतवायचं, तेच तेल. मी पोत्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. पूड झाल्यावर ते कातडीला तसं भाजत नाही.

पॅडमधला सगळा माल धरून ठेवणारं फिनॉलचं रेझिन फार कडक असतं. नुसतं तेच वापरलं तर पॅड ठिसूळ होतो, डिस्कवर किंचाळतो. टरफलाच्या तेलातला मुख्य पदार्थही फिनॉलच्याच जातीचा, फक्त त्याला एक लांब शेपूट असतं. जातीमुळे तो रेझिनशी नीट जुळतो आणि शेपटामुळे पॅडला थोडा लवचिकपणा येतो. ब्रेक दाबल्यावर गाडी धक्का न देता थांबते, त्यात या पुडीचा वाटा आहे. इतकी वर्षं, बाबा, तुम्ही पॅड बदलत होता आणि, आई, तू काजू फोडत होतीस, एकाच घरात, आणि आपल्याला कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

बाकी मालात बराइट, ग्रॅफाइट, अ‍ॅरामिडचे मजबूत कृत्रिम तंतू, धातूचा बारीक चुरा असतो. मिश्रण आधी गार दाबतात, मग गोंद लावलेल्या लोखंडी पाठीवर ठेवून साधारण दीडशे अंशांवर प्रेस करतात. प्रेस मधे मधे क्षणभर उघडावा लागतो, नाहीतर कोंडलेल्या वाफेने पॅडला फोड येतात. नंतर काही तास भट्टीत.

आता बाबा, तुम्हाला एक कळकळीची विनंती. ड्रम उघडला की तुम्ही तोंडाने फुंकर मारता, सोनू कॉम्प्रेसरची हवा मारतो. ते बंद करा. जपानने २००४ साली ब्रेक लायनर आणि क्लचमधलं अ‍ॅस्बेस्टॉस बंद केलं, २००६ पासून जवळपास सगळीकडचंच. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही, आणि पाकिटावर काहीच न लिहिलेल्या स्वस्त लायनरमध्ये काय आहे ते हाताला कळत नाही. ती धूळ फुफ्फुसात रुतून बसते आणि आजार वीस-तीस वर्षांनी बाहेर येतो. तुम्ही गॅरेज टाकलंत त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ड्रम पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लायनरला चकाकी आली तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, नवीनच बसवा. आणि कुडाळला जाऊन एकदा छातीचा फोटो काढून घ्या. पैसे मी पाठवतो.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. सोनूला आशीर्वाद.

आपला,
महेश

ता. क. सोनूसाठी: बाइकच्या क्लचच्या फ्रिक्शन प्लेटवरचं अस्तर बऱ्याचदा चक्क कागदाचं असतं. लगदा, अ‍ॅरामिड आणि डायटम माती पाण्यात कालवून कागदासारखा ताव काढतात, रेझिनमध्ये भिजवून भाजतात आणि तुकडे प्लेटवर चिकटवतात. त्या कागदाच्या छिद्रांत ऑइल मुरलेलं लागतं, म्हणून नवीन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव, कोरड्या बसवू नकोस. मधल्या स्टील प्लेटा निळ्या पडल्या असतील तर काचेवर ठेवून वाकल्यात का बघ. आणि गिअरच्या गाडीला डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलची जपानी मानकं) लिहिलेलंच ऑइल. 'एमबी' स्कूटरचं. कारचं उरलेलं ऑइल ओतलंस तर क्लच घसरू शकतो.