परीक्षक होणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तरुण फोटोग्राफरांच्या स्पर्धेला तुला परीक्षक म्हणून बोलावलंय हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, ‘मी स्वतः फोटो काढत नाही, मग कशाच्या जोरावर निवड करू?’ हा विषय माझ्या इतका जिव्हाळ्याचा आहे की पत्र लांबणार. सवडीने वाच.

सगळ्यात आधी आयोजकांशी बोल. एकेक सुटा फोटो मागवू नका म्हणावं. प्रत्येकाकडून निदान दहा-पंधरा फोटो मागवा, एका विषयाचे आणि त्यांनी स्वतः लावलेल्या क्रमाने. एक चांगला फोटो कुणाच्याही हातून निघतो. आजचा फोन फोकस स्वतःच धरतो, अंधारात भराभर कितीतरी फ्रेम्स घेऊन त्यांची एक स्वच्छ फ्रेम करून देतो. योग्य वेळी तिथे असणं आणि बटण दाबलं जाणं, यात नशिबाचाही वाटा असतो. पण पंधरा फोटो नशिबाने जुळून येत नाहीत. काय ठेवलं, काय काढून टाकलं, कशाच्या मागे काय आलं, हे बघत गेलास की त्या मुलाला किंवा मुलीला नेमकं काय सांगायचंय ते उलगडायला लागतं. त्यासाठी कॅमेरा चालवता यायची गरज नाही. तू आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आलायस, कुठलं प्रकरण उगीच आलंय ते तुला चटकन कळतं. तीच नजर इथे लागते.

रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरचं ‘द अमेरिकन्स’ हे फोटोंचं पुस्तक मिळालं तर जाण्याआधी एकदा चाळ. १९५५ मध्ये त्याला गुगनहाइम फेलोशिप, म्हणजे काम करण्यासाठीचं अनुदान, मिळाली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मोटारीने त्याने अमेरिका पालथी घातली आणि सुमारे २८,००० फोटो काढले. पुस्तकात घेतले ८३. म्हणजे एक फोटो ठेवायला त्याने तीनशेच्या वर बाजूला सारले. पुस्तक आधी १९५८ मध्ये फ्रान्समध्ये निघालं, १९५९ मध्ये अमेरिकेत, आणि तिथल्या फोटोग्राफीच्या मासिकांतून त्याच्यावर टीकेची झोड उठली. क्षितिजं कललेली, फोटो दाणेदार, चेहरे धूसर. त्यातले कितीतरी फोटो सुटे पाठवले तर आजही पहिल्या चाळणीतच गळतील. पण क्रमाने बघ. एका पानावर दोन ताडांच्या मध्ये कापडाने झाकून ठेवलेली मोटार आहे. पान उलटलं की रस्त्याकडेला ब्लँकेटने झाकलेलं अपघातातलं शरीर, आणि शेजारी उभी असलेली माणसं. पहिला फोटो एकटा असता तर त्याच्याकडे कुणी वळूनही बघितलं नसतं. दुसरा पाहिल्यावर तो पहिला मनातून जात नाही.

आता माझ्या पाहण्यातलं एक काम सांगतो. मागे एका मुलीचे फोटो बघायचा योग आला. विशीतली असेल. तिचा भाऊ रात्रपाळी करतो. घर जागं असतं तेव्हा तो झोपलेला असतो. ती वर्षभर त्याच्या दिवसाच्या झोपेचेच फोटो काढत होती. पोस्टकार्डाएवढे प्रिंट तिने जमिनीवर मांडले आणि आम्ही तीन-चार जण भोवती बसलो. त्यात एक फोटो होता: पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप बरोबर त्याच्या मिटलेल्या पापणीवर पडलेली. सगळ्यांचे हात त्याच प्रिंटकडे गेले. ती म्हणाली, “तो मी मालिकेत घेतलेला नाही, नुसता दाखवायला आणलाय. तो बघितला की सगळे उन्हाबद्दल बोलतात, दादाबद्दल कुणी बोलतच नाही.”

तिने ठेवलेले फोटो बघायला हवे होतेस. पडद्याच्या कडा भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेल्या, आणि ती पट्टी रोज काढून लावून करकरीत न राहिलेली. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कडीला गुंडाळलेलं फडकं. स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी असलेली आई, पाण्याची धार बारीक सोडलेली. अशा आठ-दहा फोटोंत भाऊ दिसतच नाही. दिसते ती त्याच्या झोपेसाठी सगळ्या घराने धरलेली शांतता. शेवटच्या फोटोत तो उठून बसलाय आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. तो हलल्यामुळे चेहरा फिसकटलाय. एका गृहस्थांनी तेवढ्यावरून तो काढून टाकायला सांगितलं. मुलगी म्हणाली, “एवढ्या सगळ्यांत तो माझ्याकडे बघतोय असा हा एकच आहे.” तिने तो काढला नाही.

या वयात इतकी स्पष्ट समज! आवडता फोटो बाजूला ठेवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे मित्रा, भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्धकाला शक्य असेल तर एक प्रश्न जरूर विचार: ‘कुठला फोटो गाळताना जिवावर आलं, आणि का गाळलास?’ ज्याच्याकडे याचं उत्तर असेल त्याच्याकडे जास्त वेळ दे.

तुला कदाचित वाटेल की घरातल्या झोपेचे फोटो म्हणजे विषय फारच छोटा. आयोजकांनाही वाटेल, त्यांना पूर, मोर्चे, डोंगरमाथे असं काही हवं असेल. पण तरुण फोटोग्राफरांचं अस्सल काम बहुतेक वेळा हाताशी असलेल्या माणसांपासून सुरू होतं, कारण तिथे ते आत असतात. आपला भारतीय फोटोग्राफर सोहराब हुरा सतरा वर्षांचा होता तेव्हा, १९९९ मध्ये, त्याच्या आईला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. पुढे त्याने आईचे, तिच्या लाडक्या कुत्रीचे, त्या घराचे फोटो वर्षानुवर्षं काढले. त्या कामात कणव आहे, राग आहे, हसूही आहे, आणि बाहेरून आलेल्या कुणालाही ते फोटो मिळाले नसते. हाच हुरा २०२० मध्ये मॅग्नम या फोटोग्राफरांच्या नामांकित संस्थेचा पूर्ण सदस्य झाला. अमेरिकन फोटोग्राफर फ्रान्सेस्का वुडमन तर स्वतःचाच फोटो काढत राहिली, तेराव्या वर्षापासून. रिकाम्या खोल्या, पोपडे निघालेल्या भिंती, आणि शटर उघडं असताना ती हलल्यामुळे धुरासारखी विरत गेलेली तिची आकृती. बरंचसं काम तिने कॉलेजात असताना केलं. १९८१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या हयातीत फार थोड्यांनी ते पाहिलं होतं. तिच्या त्या छोट्या चौकोनी प्रिंटसमोर उभं राहिलं की मला फार हळहळ वाटते.

फोटोतल्या चुका बघून लगेच काट मारू नकोस. फ्रेंच फोटोग्राफर जाक आन्री लार्तिगने अठरा-एकोणीस वर्षांचा असताना धावत्या शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो काढला. मोटार चौकटीतून अर्धी बाहेर गेलीय, चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेत. त्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच असायची, आणि शटर म्हणजे त्या काचेवरून उभी सरकणारी एक फट होती. फट सरकेपर्यंत मोटार पुढे गेली, म्हणून चाक तिरकं आलं. लार्तिग कॅमेरा मोटारीबरोबर फिरवत होता, पण तिच्याइतका भरभर नाही, म्हणून माणसं कलली. वेगाचा इतका जिवंत फोटो मी दुसरा पाहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं ते १९६३ मध्ये. तोवर तो सत्तरीला टेकला होता. तेव्हा एखादा फोटो बिघडलेला वाटला तर आधी बघ, तो बिघाड त्या मालिकेत परत परत येतोय का, त्याला काही काम आहे का. काम असेल तर तो बिघाड नव्हेच.

उलट बाजूही सांगतो. तुझ्यापुढे गुळगुळीत फोटोंचा ढीग येणार आहे. डबक्यातलं प्रतिबिंब, मावळतीसमोर काळी आकृती, सुरकुतलेला वृद्ध चेहरा अगदी जवळून, धुक्यात एकटी छत्री. रंगही सारखेच, कारण सगळ्यांनी तेच प्रीसेट, म्हणजे तयार रंगछटा, लावलेले. यात त्या मुलांचा दोष मी फार धरत नाही. ज्याला लाइक्स मिळतात तेच काढावंसं वाटणं या वयात साहजिक आहे, आणि नक्कल करतच सगळे शिकतात. फक्त त्या ढिगात एखाद्याची गाडी रुळावरून घसरलेली दिसली, नेहमीच्या चार फोटोंनंतर पाचवा काहीतरी विचित्र, अडखळता आला, तर तिथे थांब. बऱ्याचदा खरा फोटोग्राफर तिथेच डोकं वर काढत असतो.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. अनोळखी माणसाचं दुःख लांबच्या लेन्सने टिपायचं, काळं-पांढरं करायचं आणि खाली ‘जगण्याची लढाई’ असं लिहायचं. त्या माणसाचं नाव माहीत नाही, त्याला विचारलेलं नाही, फोटो त्याला कधी दाखवलेला नाही. अशा फोटोंना बक्षीस देऊ नकोस, कितीही देखणे असले तरी. त्या रात्रपाळीवाल्या भावाने प्रत्येक प्रिंट पाहिला होता आणि दोन नको म्हणून सांगितले होते. बहिणीने ते दोन काढून टाकले. हे तिने सहज बोलता बोलता सांगितलं, पण माझ्या मनात तिच्याबद्दलचा आदर तिथे दुणावला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. स्पर्धेचे नियम तू स्वतः वाच. पाठवलेल्या सगळ्या फोटोंचे हक्क आयोजकांकडे जातील असं कलम असेल तर ते काढायला लाव, नाहीतर परीक्षक होऊ नकोस. नवख्या मुलांना त्या बारीक अक्षरांचा अर्थ कळत नाही आणि आपलं वर्षाचं काम ती सही करून देऊन टाकतात. फोटोखाली नाव छापलं जाईल याची खात्री करून घे. होमाई व्यारावाला भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार, पण तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जायचे. अंतिम फेरीत आलेल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल माग. वर्ल्ड प्रेस फोटो ही वृत्तछायाचित्रांची जागतिक स्पर्धा भरवणारी संस्थासुद्धा मागते, तेव्हा कुणी अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते एका गटात पहिलं आलं, आणि मग त्याने स्वतःच बक्षीस नाकारलं. तिथे अनुभवी परीक्षक होते. हाही सुट्या चित्राचाच धोका आहे. वर्षभराच्या कामामागे मूळ फाइली असतात, गाळलेल्या फ्रेम्स असतात, फोटोतली माणसं असतात. विचारलं की ते सगळं समोर येतं.

वयाची अट पंचविसाची आहे म्हणालास. पुढच्या वेळी ती सैल करता आली तर बघ. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या नामवंत फोटोग्राफरच्या हाती पहिला कॅमेरा आला तो १८६३ मध्ये, ४८ व्या वर्षी. नवखेपण वयाने ठरत नाही.

आणि बक्षिसाचं म्हणशील, तर एका ढालीने या मुलांचं फारसं काही भागत नाही. त्यांना वेळ हवा असतो आणि कामाकडे नीट बघणारं माणूस हवं असतं. वर्ल्ड प्रेस फोटोने १९९४ मध्ये योप स्वार्ट मास्टरक्लास सुरू केला तो याच धर्तीवर. निवडलेल्या तरुण फोटोग्राफरांनी एक फोटोनिबंध करायचा आणि मुरलेल्या लोकांबरोबर बसून त्याची निवड, क्रम, सगळं उलगडून बघायचं. मॅग्नममध्येसुद्धा पहिलं काम आवडलं म्हणून कुणी एकदम सदस्य होत नाही. आधी नॉमिनी (उमेदवार), मग असोसिएट (सहयोगी), मग सदस्य, आणि दर टप्प्याला नवं काम दाखवावं लागतं. तुमच्या आयोजकांना एवढं मोठं काही झेपणार नाही हे मला समजतं. पण रोख बक्षिसातली थोडी रक्कम पुढचं काम करण्यासाठी म्हणून द्या, आणि वर्षाने ते काम बघायला परत बोलवा. एवढं तर जमेल.

फोटोग्राफर दयानिता सिंग आपल्या मित्रमैत्रिणींसाठी घडीची छोटी छोटी पुस्तकं करायची, एकेका प्रवासाचं एकेक पत्रच जणू. त्यातूनच २००८ मध्ये ‘सेंट अ लेटर’ हा छोट्या पुस्तिकांचा संच निघाला. मला ही कल्पना फार आवडते, आणि मी भेटेल त्या तरुण फोटोग्राफरला सांगतो की हजार अनोळखी लोकांना दाखवायच्या आधी एका माणसासाठी पुस्तक कर. कागद दुमड, प्रिंट चिकटव आणि त्याच्या हातात दे. तो पानं उलटत असताना कुठे रेंगाळतो आणि कुठे भराभर पुढे जातो ते बघत राहा. क्रम कुठे चुकलाय ते तिथेच समजतं. बक्षीस समारंभाच्या दिवशी मुलांकडून हे करून घेता आलं तर कर. अर्धा दिवस लागेल, साहित्य म्हणशील तर कागद, कात्री आणि डिंक.

शेवटची विनंती, आणि ही मी हात जोडून करतो. ज्यांना नाकाराल त्यांतल्या निदान काहींना तू स्वतः दोन ओळी लिही. ‘प्रयत्न चांगला’ असलं काही नको. ‘तुझा सहावा फोटो माझ्या लक्षात राहिला, सातव्याची गरज नव्हती’ असं नेमकं लिही. कुणीतरी आपलं काम सहाव्या फोटोपर्यंत पाहिलं, हे कळल्यावर विशीतलं पोर पुन्हा कॅमेरा उचलतं. मी हे होताना पाहिलंय.

फोटो यायला लागले की मला फोन कर, एका बैठकीत सगळं उरकू नकोस. आणि निकालानंतर, न निवडलेल्यांपैकी कुठली मालिका तुझ्या डोक्यात घोळत राहिली ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
जुना मित्र