कविता बाजारभावाच्या पानावर छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्पॅनिश कवितेवर लेख आला, बरं वाटलं, पण परत तेच, चिलीच्या पाब्लो नेरुदाच्या विशीतल्या प्रेमकविता. १९२४चा तो संग्रह भारीच आहे, वाद नाही, पण गुड नाइटच्या मेसेजखाली त्याच्या ओळी फिरून फिरून इतक्या गुळगुळीत झाल्यात की या माणसाने दुसरं काही लिहिलंच नाही असं वाटायला लागतं.

आपण नाशिकवाले, आपल्याला त्याचा १९५४चा 'ओदास एलेमेंतालेस' (रोजच्या साध्या गोष्टींवरची स्तुतिगीतं) आधी माहीत पाहिजे. त्यात कांद्यावर अख्खी कविता आहे, टोमॅटोवर पण आहे, म्हणजे आपलं कांद्याचं लासलगाव आणि टोमॅटोचं पिंपळगाव दोन्ही एकाच पुस्तकात! ओळी एकदम बारक्या, कुठे कुठे तर एकच शब्द, पानावरून सरळ खाली उतरत जातात. कांद्याला तो म्हणतो, तू रडवतोस पण दुःख देत नाहीस. (भाव पडलेल्या दिवशी ट्रॉली घेऊन लिलावाच्या रांगेत उभा राहिला असता तर असं म्हणाला नसता, ते सोडा.)

आता मुद्दा. यातल्या बऱ्याच कविता आधी पेपरात आल्या होत्या, व्हेनेझुएलात काराकासच्या 'एल नासिओनाल' या दैनिकामध्ये. त्यांनी दर आठवड्याला लिहायला सांगितलं तेव्हा नेरुदाने अट घातली की माझी कविता साहित्य पुरवणीत नको, बातम्यांच्या पानावर छापा. कारण पुरवणी कोण वाचतं हो? आमच्याकडे तर रविवारी दुपारपर्यंत तिच्यावर शेंगा सोललेल्या असतात. बाजारभावाचं पान मात्र घरातला प्रत्येक जण बघतो, वडील तर आधी तेच उघडतात.

आणि कांद्याचंच म्हणाल तर स्पेनचा कवी मिगेल एर्नांदेस राहून कसा चालेल. शेळ्या राखणारा पोरगा, पुढे स्पेनच्या यादवी युद्धात रिपब्लिकच्या, म्हणजे निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने लढला, १९३९ मध्ये तुरुंगात असताना बायकोचं पत्र आलं की खायला फक्त पाव आणि कांदा आहे, आणि बाळ अंगावर पितंय. त्यावर त्याने त्या बाळासाठी अंगाई लिहिली, कांद्याची अंगाई. १९४२ मध्ये तुरुंगातच टीबीने गेला, वय ३१. आपल्याकडे कांदा भाकरी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको, त्यामुळे ही कविता निफाड चांदवडला पुण्या-मुंबईपेक्षा लवकर पोचेल असं माझं स्पष्ट मत आहे.

तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या गावात कवितेला गिऱ्हाईक नाही हे प्रकाशकांचं रडगाणं मला पटत नाही. तुम्ही महिन्यातून एकदा तरी भावांच्या तक्त्याशेजारी एक कविता मराठीत छापून बघा. नेरुदासाठी परवानगी वगैरे रीतसर घ्यावी लागेल, एर्नांदेसला जाऊन ऐंशी वर्षं उलटली, तिथून सुरुवात करा. फक्त अक्षर त्या तक्त्यासारखं बारीक ठेवू नका, वडिलांना चष्मा लावून पण ते दिसत नाही.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक