संगणक कक्षातल्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आपल्या विद्यापीठात नुसतं 'काका' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, हे कळल्यावर आमच्या मराठी विभागात नुसती धावपळ उडाली होती. १५ तारखेला पीसी सुरूच होणार नाहीत, असंही कुणी सांगत होतं. तुम्ही आलात आणि म्हणालात, "घर पडत नाही गं. पण पावसात कौल सरकलं तर शाकारायला कुणी येणार नाही." एवढ्या एका वाक्यात माझी भीती गेली आणि काम का करायचं तेही कळलं.

एका पुरवठादाराने बावीसच्या बावीस पीसी भंगारात काढा म्हणून सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही एकेका पीसीसमोर बसलात. नऊ पीसींवर 'टीपीएम सापडत नाही' असं येत होतं. टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय. ती त्यांच्यात मुळातच होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होती. ती चालू केलीत, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर नेलीत, सिक्युअर बूट ही पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी चालू केलीत आणि एकही फाइल न जाता विंडोज ११ चढलं. उरलेल्या तेरांचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचे होते. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. अट चुकवून बसवायची युक्ती आमच्यातल्या एकाने सुचवली, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. ऐन परीक्षेत अपडेट अडकला तर मुलांनी कुणाकडे बघायचं, हा तुमचा प्रश्न होता. त्या तेरांत एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घालून तुम्ही विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ ही मोफत प्रणाली टाकलीत. त्यावर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसले म्हणून मी कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवशी मराठी वळणाचा फॉन्ट हजर.

आणि ती दारावरची चिठ्ठी! 'डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं. आपापलं काम आधी काढून घ्या.' ती वाचून एका मुलीने आपल्या प्रबंधाची दोन प्रकरणं वेळेत पेनड्राइव्हवर घेतली. दुसरी प्रत तिच्याकडे नव्हती.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते कोपऱ्यातल्या तेविसाव्या मशीनसाठी. ते कुणाच्या यादीतही नव्हतं. विंडोज एक्सपी, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि मागे पंचवीस पिनांचं डोंगल. ते लावल्याशिवाय जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडतच नाही. आमच्या निवृत्त बाईंनी गावोगाव हिंडून, बायकांच्या शेजारी बसून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत. तीनशे बारा फाइली. नव्या पीसीवर उघडलं की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसायची. फाइली खराब झाल्या, असं धरून आम्ही त्यांचा नाद सोडला होता.

फाइली ठणठणीत आहेत, हे तुम्ही सांगितलंत. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले आहेत. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. मग एकेक आकार ओळखून त्याच्यासमोर युनिकोडचं, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीचं, अक्षर लिहायचं काम सुरू झालं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणजे 'किती'मधली पहिली वेलांटी उचलून 'क'च्या नंतर न्यायची. ते जमलं तेव्हा मला वाटलं, झालं.

तुम्हाला तसं वाटलं नाही. "एक ओवी मोठ्याने वाच," म्हणालात. मी वाचत होते आणि तुम्ही पडद्याकडे बघत होतात. 'दुसऱ्या'पाशी तुम्ही बोट ठेवलंत. तिथे 'दुसर्या' उमटलं होतं, 'य'च्या डोक्यावर रफार. मी मराठीची विद्यार्थिनी, अर्थ लागत होता म्हणून वाचत पुढे गेले होते. तुम्ही थांबलात. सगळे 'र्य' सरसकट बदलावेत असं मी सुचवलं, तर तुम्ही म्हणालात, "मग सूर्याचं काय करशील?" खरंच, 'सूर्य' आणि 'कार्य' बिघडले असते. त्या जुन्या फॉन्टमध्ये 'ऱ्या'तल्या अर्ध्या र चा आकार कुठल्या जागेवर ठेवलाय ते शोधायला तुमची एक अख्खी संध्याकाळ गेली. मग तेवढ्याच आकाराला टिंबवाला 'ऱ' दिलात. 'वाऱ्यावर', 'सासऱ्याच्या', 'तुऱ्याचा' सगळे जागेवर आले.

काका, ते तुमचं काम नव्हतं. तुम्हाला पीसी अपग्रेड करायला सांगितलं होतं, ते झालं होतं. त्या ओव्या म्हणणाऱ्या कितीतरी आज्या आता नाहीत, त्यांचे शब्द तेवढे त्या डिस्कवर होते. ते अर्धवट उतरले असते तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता. तुम्ही ते अक्षर न् अक्षर उतरवलंत, म्हणून मी तुमची मनापासून ऋणी आहे.

जुनं मशीनही तुम्ही टाकून दिलं नाहीत. त्याच्या अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दोन ठिकाणी ठेवलीत, बायोसचा सेल बदललात, नेटवर्कची केबल काढलीत आणि 'याला इंटरनेट जोडू नये' असा कागद चिकटवलात. तो कागद अजून आहे.

बाईंना मी पहिल्या शंभर ओव्या छापून नेऊन दिल्या. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचल्या आणि विचारलं, "हे केलं कुणी?" मी तुमच्याबद्दल सांगितलं. तशीच एक प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्याच पानावर 'दुसऱ्या' या शब्दाखाली बाईंनी पेन्सिलीने रेघ ओढली आहे, ती तुमच्यासाठी.

आपली,
मराठी विभागातली एक संशोधक विद्यार्थिनी