अर्धे काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची श्रद्धा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरजू कुटुंबांची घरे बांधण्यासाठी काही दिवस श्रमदान करून येणाऱ्या गटांच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्यांतील सेवाभावाचे कौतुक योग्यच आहे. परंतु अशा एका गटातून मी स्वतः काम केले असल्यामुळे, श्रद्धेच्या दृष्टीने तेथे काय शिकायला मिळते याविषयी लिहावेसे वाटते.

या चळवळीचा उगमच श्रद्धेतून झाला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९४२ साली सुरू झालेल्या 'कोइनोनिया' या ख्रिस्ती शेतवसाहतीच्या अनुभवातून मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था स्थापन केली. नफा न घेता घर द्यायचे, कुटुंबाने स्वतः बांधकामावर राबायचे आणि त्याच्या हप्त्यांतून पुढची घरे उभी करायची, ही त्यांची रीत होती. म्हणजे घर मिळवणारे कुटुंब तेथे याचक नसते, आणि चार दिवस विटा वाहणाऱ्या पाहुण्याने स्वतःला दाता समजण्याचे कारण उरत नाही.

पहिली परीक्षा गवंड्यासमोर होते. भिंत ओळंब्यात नसेल तर तो ती उतरवायला लावतो, मग रचणाऱ्याने कितीही मनोभावे प्रार्थना करून कामाला हात घातलेला असो. सुशिक्षित माणसाला हे सोपे जात नाही. पण जाणत्याचे निमूटपणे ऐकणे हाही भक्तीचाच भाग आहे, असे मी मानतो.

दुसरी परीक्षा मला अधिक खोल वाटते. काँक्रीटची ताकद ओतल्याबरोबर येत नाही; ती रोज पाणी मारल्याने हळूहळू वाढते आणि सहसा २८ दिवसांनी तपासली जाते. तोवर आमच्यासारखे लोक केव्हाच परतलेले असतात. आम्ही घातलेले जोते पक्के होणार की नाही, हे त्या घरातील माणसे सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात की नाही यावर अवलंबून असते. आपल्या कष्टाचे फळ न पाहता, ज्यांची भाषाही आपल्याला धड येत नाही अशा माणसांवर ते सोपवून निघणे, ही श्रद्धा कोणत्याही प्रवचनातून मला इतकी स्पष्ट कळली नव्हती.

म्हणून गट पाठवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी कामाची सूत्रे स्थानिक गवंड्यांच्या हाती ठेवावीत, जमवलेल्या निधीतून त्यांची मजुरी आधी बाजूला काढावी आणि गट परतल्यावर काम पूर्ण होईपर्यंत त्या कुटुंबाशी संपर्क ठेवावा. आपणही अशा उपक्रमाची बातमी छापल्यानंतर काही महिन्यांनी त्या घरात राहणाऱ्यांचे म्हणणे प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक