आमचा वसंत हिरवा नसतो हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा २३ जानेवारीला वसंत पंचमी होती तेव्हा तुमच्या पुरवणीत पहिल्याच पानावर मोठ्ठा फोटो आलेला, गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, खाली हिरवंगार गवत आणि वर मथळा, वसंत आला म्हणून. फोटो छान होता, खोटं कशाला बोलू, आमच्या हिने कापून कपाटाला चिकटवला. पण ते झाड चेरीचं हो, जपानचं नाहीतर तशाच कुठल्यातरी थंड मुलखातलं. मी चहा घेऊन मागच्या पडवीत ते पान बघत बसलेलो आणि समोर आमच्या परड्यात सगळा कारभार उलटा. गवत वाळून पापडासारखं, शेवग्याची पिवळी पानं सगळीकडे पडलेली, गडग्याजवळच्या, म्हणजे दगडी कुंपणाजवळच्या, सावरीच्या झाडाच्या अंगावर एक पान नाही आणि त्याच उघड्या सावरीच्या टोकाला पहिलं लाल फूल. आमच्याकडे वसंत असाच येतो, वाळक्यातून. हिरवा असतो तो श्रावण. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण पत्र लिहायला घेतलंच आहे तर जरा लांबेल.

मी मुंबईत नोकरी केली, रिटायर झालो आणि गावी येऊन राहिलो त्याला आता सात वर्षं होतील, कुडाळ तालुका. परडं म्हणाल तर सहा-सात गुंठे, त्यात चार माड, आंब्याची दोन कलमं, एक रायवळ आंबा जो आजोबांच्याही आधीचा, फणस, दोन रातांबे म्हणजे कोकमाची झाडं, विहीर, बाकी अळू केळी जास्वंद अशी खोगीरभरती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ही दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकटीत मी बारीक अक्षरात लिहितो, मोहोर दिसला, फणसाला कुयऱ्या लागल्या, धोबी पक्षी गेला. त्यावरून घरात भांडणंही झालीत, कारण एकदा मी 'कोकीळ १' लिहिलेलं आणि तिने एक लिटर दूध जादा धरलं.

ती जुनी कॅलेंडरं काढून बघितली की मजा कळते. शाळेत पाठ केलेलं, माघ फाल्गुन शिशिर, चैत्र वैशाख वसंत. म्हणजे वसंत पंचमी मुळात शिशिरातच पडते, हे आमच्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यात पाडवा गेल्या वर्षी ३० मार्चला होता, यंदा १९ मार्चला, पुढच्या वर्षी अधिक महिन्यामुळे थेट ७ एप्रिलला जाणार. सावर काही पंचांग बघत नाही. पाऊस जाऊन तीन-चार महिने झालेले, पानांतून उडून जाणारं पाणी तिला परवडत नाही, म्हणून पानं टाकते आणि मग फुलते. पानांचा आडोसा नसल्याने फुलं लांबून दिसतात हा वर फायदा. सकाळी सात ते नऊ त्या झाडावर बाजार भरतो, साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल, खारी, एखाद्या वर्षी भोरड्यांचा थवा. रस प्यायला फुलात तोंड खुपसतात आणि कपाळाला पराग फासून बाहेर येतात, कीर्तनातून बुक्का लावून आल्यासारखे. जांभळा शिंजीर असाच, नर डिसेंबरात बघाल तर मळकट, गळ्यापासून पोटाकडे फक्त एक काळी रेघ, आणि फेब्रुवारीत तोच चकचकीत निळा-जांभळा. पहिल्या वर्षी मी ते दोन वेगळे पक्षी म्हणून लिहून ठेवलेले.

पण मला सगळ्यात जवळचा म्हणाल तर धोबी. करडा धोबी, पोट पिवळं, शेपटी सतत खाली-वर. विहिरीजवळ कपडे धुवायचा दगड आहे तिथेच तो असतो. गणपतीच्या मागे-पुढे येतो आणि शिमगा झाला की जातो, म्हणजे चाकरमान्यांचेच मुहूर्त, फरक इतकाच की चाकरमानी गणपतीला येऊन पाच दिवसांत परत जातात आणि शिमग्याला पुन्हा उगवतात, हा मधले सहा महिने मुक्कामाला. याचं घर हिमालयात, ओढ्यांच्या काठी, उन्हाळ्यात घरटं तिथे करतो. वीसेक ग्रॅमचा जीव, एवढ्या लांबून येतो आणि पहिल्या दिवसापासून त्या दगडावर असा वागतो की जणू आमची घरपट्टी तोच भरतो. दुसरा कोणी धोबी आला की हाकलून देतो. ही कपडे धुवायला गेली की चार हात लांब सरकून वाट बघत बसतो, कधी उठतेय म्हणून. मार्च लागला की त्याच्या गळ्याखाली काळं व्हायला लागतं, लक्ष उडाल्यासारखं करतो, मध्येच माडाच्या झावळीवर जाऊन बसतो. मग एका सकाळी दगड रिकामा. लोकांना कोकीळ ओरडला की वसंत आल्याचं कळतं, आमच्या घरात तो दगड रिकामा झाला की गोधड्या धुवायला निघतात.

आता मोहोर. हापूसचा मोहोर म्हणजे आमच्याकडे घराघरात ब्लडप्रेशरचा विषय. पाऊस लांबला, थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा, मध्येच परत थंडी वाढली की फळं धरलेल्या झाडावर दुसरा मोहोर येतो आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळतात, हे बागायतदार माझ्याहून चांगलं सांगतील. मला सांगायचंय ते माश्यांबद्दल. पहिल्या वर्षी मी कलमाखाली खुर्ची टाकून बसलो, मोहोरावरच्या मधमाश्या बघू म्हणून, आणि दिसल्या काय तर साध्या माश्या, मासळीच्या पाटीवर बसतात त्या निळ्या-हिरव्या, घरमाश्या, काही बारीक पट्ट्यापट्ट्यांच्या. मला वाटलं झाडाखाली काहीतरी मेलंय, काठी घेऊन शोधत फिरलो. नंतर कळलं की आंब्याचं परागीभवन मुख्यतः याच करतात. एका तुऱ्यात हजाराच्या वर फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर, आणि शेवटी हाताला लागणार एखाद-दुसरा आंबा, तोसुद्धा जिला आपण जेवताना फडक्याने हाकलतो तिच्या मेहेरबानीने. आता ऐन फुलोऱ्यात सकाळी दहा वाजता फवारणी केली तर तुडतुडा मरेल न मरेल, माशी नक्की मरते. तुडतुडे वाईटच, चिकटा पडतो, पानं काळी होतात, मोहोर करपतो, ज्याचं पोट बागेवर आहे त्याला फवारू नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण माझी दोन कलमं घरच्यापुरती आहेत, गेली तीन वर्षं फुललेल्या मोहोरावर मी काही मारत नाही आणि आंबे शेजाऱ्यांएवढेच खातो. रायवळाला तर कोणी कधी पाणीसुद्धा घातलं नाही, तो आपला लगडतो.

सुरंगी आमच्या परड्यात नाही, वाडीच्या वरच्या अंगाला आहे, पण फेब्रुवारी संपता संपता वारा फिरला की वास पडवीत येतो. बायका सकाळी लवकर कळ्या काढून वळेसार, म्हणजे गजरे, करतात, वेंगुर्ल्याकडे आसोलीला तर तो मोठा धंदाच आहे. त्या वासाबद्दल लिहायला गेलो तर कविता होईल आणि ती तुम्ही छापणार नाही.

भांडणाचा विषय म्हणजे पाचोळा, आमच्याकडे पातेरो म्हणतात. पहिल्या वर्षी मी तो गोळा करून जाळला नाही तेव्हा शेजारच्या काकी गडग्यावरून बघत होत्या. "काय रे, मुंबैक ऱ्हवान झाडू मारूक इसारलंस काय? ह्या पातेऱ्यात किरडू येवन बसला मगे समाजतला तुका." किरडू म्हणजे साप. काकींचं काही चुकीचं नाही, आमच्या भागात विषारी फुरसं आहे, पातेऱ्यात ते दिसत नाही आणि चावलं तर हॉस्पिटल लांब. म्हणून दारातला, वाटेवरचा, विहिरीजवळचा मी सगळा झाडून काढतो, हात न घालता, दाताळ्याने. पण जाळत नाही, माडांच्या आळ्यात वीतभर थर टाकतो. आधी मार्चमध्ये दिवसाआड शिपणं लागायचं, आता तीन-चार दिवसांनी चालतं. आणि त्या थरात सकाळी सातभाई येऊन जो धुमाकूळ घालतात, एकेक पान उचलून फेकायचं, खाली काय आहे बघायचं आणि मग आपसात भांडायचं. यंदा फेब्रुवारीत नारिंगी डोक्याचा कस्तुर आला, एकदम लाजरा, दोन पावलं चालतो, थांबतो, पान उलटतो. चकाचक झाडलेल्या अंगणात तो कशाला येईल, त्याचं जेवण पानाखाली असतं.

भाजावळीला माझा विरोध नाही असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर थोडा आहे. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा, शेण पसरून जमीन भाजायची रीत जुनी, आजोबा करायचे, त्यात तण जळतं हे खरंच. पण आता तरवा करतो कोण, अर्ध्या मळ्या पडीक, तरी शिमगा जवळ आला की सवयीने काडी लावली जाते, दुपारचा वारा सुटतो आणि ती आग कातळाच्या सड्यावरून कोणाच्या तरी काजूच्या बागेत शिरते. दरवर्षी तुमच्याच पेपरात बातमी असते, बाग जळून खाक म्हणून. आणि याच दिवसांत धनेशाची मादी, आमच्याकडे सरसकट गरुडच म्हणतात, मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसलेली असते, नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो. धूर आला तर तिला उडून जायची सोय नाही.

चेरी छापू नका असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वसंत पंचमीला एका कोपऱ्यात चार इंच जागा द्या, वाचकांनी आपापल्या परसात काय दिसलं ते पाठवावं, विदर्भात पळस कधी फुलला, देशावर कडुनिंबाला पालवी कधी आली, आमची सावर कधी. पुतणी सांगते की फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक अंगणातले पक्षी मोजतात, अमेरिकेत १९९८ ला सुरू झालं आणि आपल्याकडे २०१३ पासून करतात, झाडांच्या नोंदींसाठीही सीझनवॉच म्हणून आहे २०१० पासून, शाळेतली पोरंसुद्धा त्यात आहेत. तिने माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलंय. पण आमच्या परड्यात रेंज येते ती फक्त विहिरीजवळ आणि तिथे जाऊन उभा राहिलो की धोबी उडतो.

आज सकाळपर्यंत तो आहे, गळा काळा झालाय. सोबत दोन फोटो जोडलेत. एक सावरीचा, त्यात काकींची दोरीवर वाळत घातलेली नऊवारी आलीय ती कापून घ्या. दुसरा धोब्याचा, त्याची शेपटी तेवढी नीट आली नाही, थांबतच नाही ती.

आपला,
एक जुना वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग