चित्रपट्टीचे कुरकुरे वाचक

टिळकवाडी, बेळगाव.

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

दैनिकातल्या चित्रपट्टीचे, म्हणजे चौकटी-चौकटींतून रंगणाऱ्या रोजच्या चित्रविनोदाचे, वाचक हसण्यापेक्षा कुरकुरच अधिक करतात आणि ज्या विनोदाचा अर्थ विचारावा लागतो तो विनोदच नव्हे, असे तू मागच्या पत्रात ठासून लिहिले आहेस. पहिले विधान मला मान्य आहे, दुसरे मुळीच नाही. ‘आज काही हसू आले नाही बुवा’ असे म्हणणाऱ्याने ती पट्टी दोनदा तरी वाचलेली असते. हसून पान उलटणाऱ्याने ती एकदाच पाहिलेली असते.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ या खट्याळ मुलाची पट्टी १९९१ साली ‘सकाळ’मधून सुरू झाली, तेव्हापासून ही कुरकुर मी आवडीने ऐकत आलो आहे. आपल्या सीमाभागात पेपर हातात पडला की थोरली मंडळी आधी निधनवार्ता पाहतात, मग सीमाप्रश्नाच्या दाव्याचे काय झाले ते शोधतात. पण त्याआधी चोरून एक नजर चिंटूवर टाकणारे कमी नव्हते. वाचनालयात एकदा कोणीतरी ब्लेडने ती पट्टी नेमकी कापून नेली होती आणि तिच्या पाठीमागचे बाजारभावही तिच्याबरोबर गेले होते. भाव पाहायला आलेले एक अडत व्यापारी त्या भोकातून पलीकडच्या माणसाकडे बघत म्हणाले, ‘गुळाचा दर मी मार्केटात विचारून घेईन हो, पण चिंटू आज काय म्हणाला ते कुणाला विचारू?’ हेच गृहस्थ एरवी ‘पोरकटपणा आहे सगळा’ असे म्हणत असत.

तीच पट्टी एका घरात किती प्रकारे वाचली जाते, हे तर पाहण्यासारखे असते. निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांना चिंटूचे उलट उत्तर खटकते, आईला आपलाच चिरंजीव दिसतो म्हणून ती मनापासून हसते आणि तो चिरंजीव मात्र गंभीरपणे विचारतो, ‘यात हसण्यासारखं काय आहे? असंच असतंय की!’ मला वाटते, चिंटूचे सारे मर्म या प्रश्नात आहे. चिंटू विनोद करायला म्हणून बोलत नाही. मोठ्यांचे म्हणणे तो शब्दशः खरे मानतो, आणि हसू येते ते मोठ्यांना, आपले बोलणे उघडे पडले म्हणून. तेव्हा मूल हसले नाही, तर पट्टी फसली असे कसे म्हणता येईल?

आमच्या शेजारची मुलगी कन्नड माध्यमात शिकते. घरात मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. ती आधी सगळी चित्रे पाहून घेते, भुवया आणि तोंडे तपासते, मग बोट ठेवून संवादाच्या फुग्यांतली अक्षरे जुळवते. शेवटच्या चौकटीपाशी ती थबकते, मागच्या चौकटीकडे परत जाते आणि मगच खुदकन हसते. तुझ्या न्यायाने हा विनोद उशिरा कळला म्हणून बाद ठरेल. मला मात्र दोन चौकटींमधल्या त्या कोऱ्या जागेचे काम तिच्याइतके नीट करणारा दुसरा वाचक आमच्या गल्लीत दिसत नाही, कारण चित्रकाराने जे काढलेले नसते, तेच तिला तेथे भरावे लागते.

अर्थ विचारणाऱ्या वाचकांचा असाच एक मोठा गलबला अमेरिकेत १९८२ साली झाला. गॅरी लार्सन यांच्या ‘द फार साइड’ या एकचौकटी मालिकेत एक गाय टेबलामागे उभी होती, टेबलावर ओबडधोबड अवजारे होती आणि खाली ‘गाईची अवजारे’ एवढेच लिहिले होते. त्यांतले एक अवजार करवतीसारखे दिसत होते, म्हणून बाकीचीही कशासारखी तरी असणार, असे समजून वाचक डोके खाजवत बसले. पत्रांचा आणि फोनचा असा भडिमार झाला, की अखेर लार्सन यांना खुलासा काढावा लागला: गाईने अवजारे केलीच, तर ती अशीच बेंगरूळ होतील, एवढाच त्यातला विनोद. खुलासा वाचून किती जण हसले असतील, याची मला शंकाच आहे. पण ते चित्र आजही लोकांच्या ध्यानात आहे, आणि ज्या चित्रांना लोक त्याच सकाळी हसले त्यांतली किती आठवतात?

उलट टोकाला आपल्या कर्नाटकातलेच, म्हैसूरचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण. त्यांचा ‘कॉमन मॅन’ चौकटीत उभा राहतो, सारे ऐकतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. त्या चकित चेहऱ्यावर कानडी वाचक आपली टिप्पणी चढवतो आणि मराठी वाचक आपली. मंत्र्यांचे भाषण कोणत्याही बाजूचे असो, तो कोट आणि ते धोतर आपल्याच बाजूचे, असे दोघांनाही वाटते.

एक मात्र तुझ्या बाजूने कबूल करतो. रोजच्या रोज विनोद द्यायचा म्हटले, की काही दिवस पाणचट निघणारच, आणि वाचकाने ‘आज बेचव होते’ असे सांगण्यात गैर काही नाही. घरच्या आमटीबद्दलही आपण तसे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर बसतो. माझा आक्षेप फक्त ‘कळले नाही’ आणि ‘बेचव होते’ या दोन तक्रारी तू एकाच पारड्यात टाकतोस, याला आहे. पहिलीत वाचक अजून चौकटीत अडकलेला असतो, दुसरीत तो बाहेर पडलेला असतो. यावर तुझे काय म्हणणे आहे ते सविस्तर लिही; उदाहरणे देणार असशील तर कात्रणेच पाठव, मात्र ती तुमच्या वाचनालयाच्या पेपरातली नसावीत.

घरी सर्वांस नमस्कार.

तुझाच,
बेळगावकर मित्र